राखणदार नसलेला फासा

गेल्या दिवाळीत मामाकडे गेले होते. मामाचं शेत सेलू तालुक्यात आहे, बोरच्या जंगलाच्या बाजूला. आम्ही राहतो बोरगाव मेघेला, त्यामुळे वर्धा ओलांडलं की गाडीने फार वेळ लागत नाही. मामेभाऊ अकरावीत आहे. तो मोबाइलवर मला एक व्हिडिओ दाखवत होता. दाढीवाला माणूस, परदेशातलं पाइनचं जंगल, हातात फक्त एक चाकू. त्याने तीन काड्यांना खाचा पाडल्या, इंग्रजी चारच्या आकड्यासारख्या एकमेकींत अडकवल्या, त्यावर एक सपाट दगड टेकवला आणि काडीच्या टोकाला आमिष लावलं. काडीला धक्का लागला की दगड खाली. मग दुसरा प्रकार: वाकवलेलं रोपटं, दोरीचा सरकता फास, ससा अडकला की रोपटं झटक्यात वर. खाली लिहिलं होतं, जंगलात हरवलात तर जगायचं कसं.

भाऊ म्हणाला, "ताई, हे आपल्या शेतात चालेल का गं? डुकरांसाठी?"

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच्या आदल्या वर्षी मामाचा कुत्रा मोती धुऱ्यावरच्या तारेच्या फाशात अडकून मेला होता. ती तार मामानेच लावली होती, रानडुकरासाठी. लावून विसरला होता. मोती दोन दिवस घरी आला नाही तेव्हा शोधायला गेले आणि धुऱ्यावर सापडला. त्याने सुटायची इतकी धडपड केली होती की भोवतालचं गवत मुळासकट उपटलं गेलं होतं.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता शेताच्या बांधावर लागणाऱ्या तारेच्या फाशांवर पीएच.डी. करते आहे. कोणत्या फाशात कोणता प्राणी अडकतो, कशी जखम होते, किती काळ तो जिवंत राहतो, असे माझे प्रश्न आहेत. पण प्रबंधाचं पहिलंच प्रकरण लिहिताना लक्षात आलं की हा प्रश्न आधी इतिहासाचा आहे. फासा ही माणसाच्या सगळ्यात जुन्या यंत्रांपैकी एक गोष्ट. विदर्भात तर एका अख्ख्या जमातीचं नाव त्यावरून पडलं. मग इतकी वर्षं चाललेली वस्तू अचानक एवढी घातक कशी झाली? ह्या पोस्टमध्ये मला मिळालेलं उत्तर सांगते.

सापळा म्हणजे नेमकं काय

आधी थोडं यंत्रशास्त्र. पारंपरिक सापळे ढोबळमानाने चार प्रकारचे असतात. वजन पाडणारे (भावाच्या व्हिडिओतला दगड), खड्डे, जाळी आणि फास. आपल्याकडे मोठ्या जाळ्याला वाघूर म्हणतात. हा शब्द संस्कृत 'वागुरा'वरून आला. लोखंडी जबड्याचा खटका त्या मानाने फारच अलीकडचा, कारण त्याला चांगली स्प्रिंग लागते.

ह्या सगळ्यांत फास सगळ्यात साधा. दगडाच्या सापळ्याला वजन, आधार आणि खटका अशा तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. साध्या फासाला खटकाच नाही. एक सरकती गाठ आणि एक खुंटी, बस. प्राणी पुढे जायला ओढतो आणि त्याच्याच ओढीने गाठ आवळते. म्हणजे यंत्राला लागणारी सगळी ऊर्जा प्राणी स्वतः पुरवतो. म्हणून माणूस त्यात कमी श्रमाने जास्त प्राणी पकडू शकतो: एक खड्डा खणायच्या वेळात कितीतरी फास लावून होतात.

फास किती इजा करतो हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: दोर किती रुंद आहे, आणि ओढ थांबल्यावर गाठ सैल होते की नाही. तेवढीच ओढ आठ मिलिमीटरच्या दोराने आणि दोन मिलिमीटरच्या तारेने दिली, तर तारेखालच्या कातडीवर चौपट दाब येतो. आणि दोराची गाठ प्राणी थांबला की थोडी ढिली पडू शकते. तार एकदा मुडपली की मुडपलेलीच राहते. मागे सरकत नाही. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

वागुरिकांपासून पारध्यांपर्यंत

फासे आणि जाळी लावणाऱ्या लोकांचा उल्लेख आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नवीन वसाहती कशा वसवाव्यात हे सांगताना राज्याच्या सीमेवरच्या किल्ल्यांचा विषय येतो. त्या किल्ल्यांच्या मधल्या मोकळ्या प्रदेशाची राखण कोणी करायची? ग्रंथ सांगतो: वागुरिक, शबर, पुलिंद, चांडाळ आणि अरण्यात फिरणारे लोक. वागुरिक म्हणजे जाळी-फासे लावणारे. ह्या उल्लेखापाशी मी बराच वेळ थांबले होते. फासे लावणाऱ्याला राज्याने राखणदार नेमलं होतं. कारण उघड आहे. फासा लावायचा तर पाऊलवाट वाचता आली पाहिजे, कोण कधी कुठून जातं हे माहीत असलं पाहिजे. हरणाची वाट ओळखणारा माणूस चोराचीही ओळखतो.

मराठीत यायचं तर लीळाचरित्र. तेराव्या शतकाच्या शेवटी म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ह्या ग्रंथात चक्रधरस्वामींची एक लीळा आहे. पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडतो. पारधी येतात, ससा मागतात, आणि स्वामी तो देत नाहीत, शरण आला आहे म्हणून. ही लीळा आपण अहिंसेची गोष्ट म्हणून वाचतो आणि ती आहेच. पण इतिहासाचा पुरावा म्हणून वाचली तर आणखी एक गोष्ट दिसते. सातशे वर्षांपूर्वी पारधी हे गावाच्या आसपासच्या रानातलं रोजचं दृश्य होतं. आणि ते प्राण्यामागे स्वतः पळत आले होते. शिकारी आणि शिकार यांच्यात अंतर फार नव्हतं. कोणी मधे पडून बोलू शकेल इतकं ते जवळ होते.

त्याच्या आधीच्या शतकात, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास ह्या ग्रंथात शिकार आणि मासेमारी यांवर प्रकरणं आहेत. राजाचा छंद म्हणून. म्हणजे एकच कौशल्य राजवाड्यात विनोद होतं आणि रानात पोटापाण्याचा उद्योग.

इंग्रजी काळात येऊ. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ लिहिला, तो १९१६ साली छापला गेला. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होतं. त्यात पारध्यांच्या पोटशाखा दिल्या आहेत आणि बहुतेक नावं हत्यारावरून किंवा धंद्यावरून आहेत. फासेपारधी फासे लावणारे. चित्तापारधी चित्ता पाळून त्याच्याकडून हरीण धरणारे. गायके पारधी बैलाच्या आडून सावजाजवळ जाणारे. टाकणकार जात्याला टाकी लावून देणारे. नाव म्हणजे कामाचा दाखलाच जणू. ग्रंथाचा सूर त्या काळच्या अधिकाऱ्यांचा आहे, जमातीकडे वरून पाहणारा. तो तसाच गिळायचा नाही. पण कोण कशाने शिकार करत होतं याची नोंद म्हणून तो उपयोगी आहे.

फासा लावून घरी जाता येत नाही

पुस्तकं वाचून झाल्यावर मी आमच्या जिल्ह्यातल्या एका पारधी बेड्यावर गेले. आमच्याकडे पारध्यांच्या वस्तीला बेडाच म्हणतात. घरात ते जी भाषा बोलतात ती गुजरातीच्या जवळची. माझ्याशी मात्र चांगल्या वऱ्हाडीत बोलले. तिथल्या एका आजोबांनी माझ्या बुटाची लेस मागून घेतली आणि बोलता बोलता दोन बोटांत फास करून दाखवला. मी विचारलं, लावून किती वेळाने बघायला जायचे? त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला. तेव्हा ते म्हणाले, "जाचं काय? तिथंच बसाचं ना."

एका माणसाचं बोलणं म्हणजे पुरावा नव्हे, हे मला माहीत आहे. पण हे बोलणं साहित्याशी जुळतं. पक्ष्यांच्या फाशासाठी घोड्याच्या शेपटीचे केस लागत, हरणासाठी तांत, म्हणजे जनावराची आतडी किंवा स्नायूंच्या दोऱ्या पिळून केलेला दोर. हे सगळं हाताने वळायचं. शंभर फास वळायचे तर कित्येक दिवसांचं काम. तांत पावसात भिजली की नरम पडते, आणि उंदीर-घुशी, कोल्हे तिला खाण्याची वस्तू समजतात. असा फासा रानात सोडून कोणीही घरी जाणार नाही. तो लावायचा, हाकारा द्यायचा किंवा आडोशाला बसायचं, आणि उठताना एकेक फास मोजून परत घ्यायचा. हत्यार महाग होतं म्हणून माणूस त्याच्यापाशी थांबत होता.

आणि माणूस थांबला की निवड करता येते. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ, मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा आणि एस. बी. खोमणे यांनी महाराष्ट्रातल्या तीन भटक्या जमातींच्या शिकारीच्या पद्धतींवर १९८३ मध्ये लेख प्रसिद्ध केला: नंदीवाले, फासेपारधी आणि वैदू. तिघेही एकाच मुलखात फिरत, पण तिघांची शिकार वेगळी. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपडीमागे जात. वैदू मुंगूस, रानमांजर असे छोटे मांसाहारी प्राणी आणि पाण्यातले खेकडे-कासवं धरत. फासेपारधी फाशाने हरणं आणि पक्षी. एकमेकांच्या ताटात हात नाही.

गाडगिळांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. फाशात गाभण मादी किंवा पाडस अडकलं तर पूर्वी आम्ही ते सोडून देत असू, असं फासेपारध्यांनी सांगितलं. हे प्रत्येक वेळी घडत होतं का? नसेलही. उपाशी माणसाने पाडस सोडलं नसेल अशाही रात्री असतील. पण माझा मुद्दा यंत्राचा आहे. सोडता येणं शक्य होतं. प्राणी जिवंत होता, दोर रुंद होता, गाठ सुटत होती आणि माणूस दहा पावलांवर होता. ह्या चारही गोष्टी असल्या तरच 'सोडून देणे' हा पर्याय उरतो. नियम पाळला जायचा की नाही हा पुढचा प्रश्न. आधी नियम पाळता येईल असं हत्यार हातात लागतं.

केसांची छत्री विस्कॉन्सिनला

जिवंत पकडायच्या ह्या गुणामुळेच फासा पुढे विज्ञानात आला. हिंदुस्थानातल्या ससाणे पाळणाऱ्यांकडे एक सापळा होता: छोटा पिंजरा, आत जिवंत उंदीर किंवा चिमणी, आणि पिंजऱ्याच्या वरच्या बाजूला घोड्याच्या केसांचे उभे फास. शिकरा आमिषावर झडप घालतो आणि त्याची नखं-बोटं फासात अडकतात. पक्ष्याला काही होत नाही. ह्याला म्हणत बालछत्री. बाल म्हणजे केस. १९५९ साली अमेरिकेतल्या डॅनियल बर्जर आणि हेल्मुट म्युलर यांनी पक्ष्यांना कडी घालण्यासाठी हा सापळा कसा वापरायचा यावर लेख लिहिला, आणि आज जगभर शिकारी पक्ष्यांवर काम करणारे संशोधक तो ह्याच नावाने वापरतात. केसांच्या जागी नायलॉन आला, एवढाच फरक. मात्र एक नियम कायम आहे: बालछत्री लावली की संशोधकाने नजर हलवायची नाही.

भारतातही तेच झालं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास केला तेव्हा हजारो पक्षी इजा न करता पकडायचे होते. ते काम बिहारच्या मीरशिकार समाजातल्या पारंपरिक पक्षी पकडणाऱ्यांनी केलं. त्यांतले अली हुसेन तर पुढे दंतकथाच झाले. कोणत्या पक्ष्यासाठी कसं जाळं, कुठे फास, हे त्यांच्याइतकं कोणत्याही प्राध्यापकाला येत नव्हतं.

मग माणूस कुठे गेला

फाशाजवळचा माणूस उठवायचं काम दोन कायद्यांनी आणि एका वस्तूने केलं, असं मला वाटतं.

पहिला कायदा १८७१ चा, गुन्हेगार जमातींचा. ह्या कायद्याने सरकारला एखादी अख्खी जमात जन्मतः गुन्हेगार ठरवता येऊ लागली. १९११ मध्ये तो देशभर लागू करता येईल असा झाला, १९२४ मध्ये पुन्हा एकत्र करून मांडला गेला. नोंदणी, ठशांचे कागद, पोलीस ठाण्यात हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. भटक्याला भटकायलाच बंदी. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण कागद रद्द झाला तरी संशय रद्द झाला नाही. कौटिल्याने ज्याला राखणदार म्हटलं होतं, त्यालाच आता रात्री शिवारात दिसला म्हणून धरू लागले. रात्रभर फाशापाशी बसायचं तर रात्री रानात असायला परवानगी हवी ना!

दुसरा कायदा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. तो हवाच होता. त्याच्याशिवाय आज बोरमध्ये काहीच उरलं नसतं. ह्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत फासे लावणं, सापळे लावणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. म्हणजे भावाच्या व्हिडिओतला तो वाकवलेल्या रोपट्याचा फास आपल्याकडे कोणी खरोखर वन्यप्राण्यासाठी लावला, तर काही अडको न अडको, गुन्हा आहे. १९९१ च्या दुरुस्तीने बंदी आणखी कडक झाली. पण कायदा आला तेव्हा फासेपारध्यांच्या हातात दुसरं काय द्यायचं याचा विचार फारसा झाला नाही. काही जण मजुरीला गेले, काही शेतीकडे वळले. आणि काही जण तस्करांच्या साखळीत ओढले गेले, हेही खरं आहे. विदर्भात वाघांच्या शिकारीची जी प्रकरणं २०१३ च्या सुमारास उघडकीला आली त्यांत लोखंडी खटके वापरले गेले होते. मात्र त्यावरून अख्ख्या बेड्याला वाघमारे ठरवणं म्हणजे पुन्हा १८७१ लाच जाणं आहे.

आणि वस्तू? वस्तू म्हणजे तार.

मोटरसायकलची क्लच वायर. बोरगाव मेघेत आमच्या घराजवळ गाड्या दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्याकडे जुन्या क्लच आणि ब्रेकच्या तारा डब्यात पडलेल्या असतात. कोणी मागितल्या तर फुकट. जाडी साधारण दोन मिलिमीटर, बारीक पोलादी धाग्यांची पिळलेली, रानडुकराच्या ओढीनेही तुटत नाही. पावसात नरम पडत नाही, उंदीर खात नाही. केसांचा फास वळायला जितका वेळ लागे त्याच्या एका अंशात तारेचा फास होतो, आणि तो महिनोन्‌महिने बांधावर तसाच राहतो.

वर सांगितलेली दोन वाक्यं आता आठवा. तार बारीक, म्हणून कापते. तार मुडपते, म्हणून सैल होत नाही. पण मला तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तार फुकट आहे, म्हणून कोणी परत घ्यायला जात नाही. हत्याराची किंमत गेली आणि हत्यारापाशी बसणारा माणूसही गेला. तांतीच्या फाशाला मालक होता, तारेच्या फाशाला फक्त लावणारा असतो.

हे एकट्या विदर्भाचं दुखणं नाही. आग्नेय आशियात सायकल आणि मोटरसायकलच्या तारांनी जंगलं भरली आहेत. कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनाममधल्या संरक्षित क्षेत्रांत मिळून १ कोटी २३ लाख फासे असावेत, असा अंदाज डब्ल्यूडब्ल्यूएफने २०२० मध्ये मांडला. एवढ्या फाशांशेजारी एवढी माणसं बसलेली असणं शक्य आहे का?

जागलीचा प्रश्न

आमच्याकडे तार लावणारा बहुतेक वेळा शिकारी नसतो. तो शेतकरी असतो. आणि तारेच्या पुढची पायरी म्हणजे करंट: कुंपणाच्या तारेत थेट घरगुती वीज सोडायची.

बोर हे १९७० पासून अभयारण्य, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. मुख्य क्षेत्र १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी. एवढ्याशा जंगलाची कड म्हणजे शेतंच शेतं. जुलै २०१७ मध्ये ब्रह्मपुरी भागात पकडलेली एक वाघीण इथे आणून सोडली. तिच्या हल्ल्यांत माणसं मेली, तिला गोळी घालायचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. तिच्या गळ्यात कॉलर होता, पथकं मागावर होती. शेवटी ऑक्टोबरमध्ये ती कारंजा (घाडगे) तालुक्यात सिंदीविहिरी शिवारात एका शेताच्या कुंपणात सोडलेल्या करंटने मेली. इतकी यंत्रणा जिच्यामागे होती, ती एका राखणदार नसलेल्या तारेने संपवली. ती तार वाघिणीसाठी नव्हतीच. तारेला ते कळत नाही.

मोती मेल्यावर मी मामाला बरंच बोलले होते. कायदा सांगितला, जखमांचे फोटो दाखवले. मामा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तू लय शिकली, आता तूच सांग. रोह्याचा कळप एका रातीत अख्खा चणा साफ करते. पयले आमी सारे जागलीले जात होतो, माळ्यावर झोपत होतो. आता पोट्टे येत नाई, मजूर मिळत नाई. मंग तू येशील का जागलीले?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजोबांनी 'तिथंच बसाचं' म्हटलं आणि मामाने 'जागलीला कोण येणार' म्हटलं, तेव्हा कळलं की दोघं एकच गोष्ट सांगताहेत. शिकार असो की राखण, रात्री रानात बसणारा माणूसच आता नाही, आणि त्याची जागा आपण तारेला दिली आहे.

नुकसान झालं की पंचनामा आणि भरपाई मिळते, पण पीक गेल्यावर, आणि वेळेवर मिळेल याची खात्री मामाला नाही. त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे सौर झटका मशीन. नाव भयंकर असलं तरी तत्त्व उलटं आहे. घरगुती करंट सतत वाहतो, स्नायू आखडतात आणि प्राणी तारेला चिकटून राहतो. झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ, ठोका देतं. दोन ठोक्यांच्या मधे प्राण्याला मागे सरकायला वेळ मिळतो. म्हणजे हेही पुन्हा तेच: सोडून देता येईल असं यंत्र. पण गवत तारेला टेकलं की झटका उतरतो, बॅटरीकडे बघावं लागतं, रोज एक फेरी मारावीच लागते. राखणदार पूर्णपणे सुटत नाही. सुटू नयेच.

आणि फाशाचं ज्ञान? तेही वाया जायला नको. अकोला-वाशीम भागात संवेदना ही संस्था फासेपारध्यांबरोबर गवताळ रानं आणि तणमोर वाचवायचं काम करते. मध्य प्रदेशात पन्नाला पारधी तरुण पर्यटकांना जंगल दाखवतात. तणमोर गवतात कुठे बसेल हे ज्याच्या आजोबाला फासा लावताना कळत होतं, त्याच्या नातवाला तो मोजतानाही कळतं. माझ्या स्वतःच्या कामातही तेच झालं. बांधावर तारा शोधायला मला आधी अर्धा दिवस लागे. बेड्यावरच्या आजोबांनी सांगितलं, तार शोधू नको, वाट शोध. डुक्कर कुंपणाखालून जिथून घुसतं तिथली माती बघ. तेव्हापासून माझा वेळ निम्म्यावर आला.

ह्या दिवाळीत, व्हिडिओ बघून झाल्यावर, मी भावाला म्हटलं की चल, सापळे बघायचेच आहेत तर खरे बघू. मामाने तोपर्यंत झटका मशीन बसवलं होतं आणि जुन्या तारा काढायच्या राहिल्या होत्या. त्याने आठवून सांगितलं, पाच आहेत, दोन नाल्याकडे आणि तीन वरच्या धुऱ्याला. आम्ही दोघं सकाळी निघालो. भाऊ वाट शोधत पुढे आणि मी पक्कड घेऊन मागे.

पाच सापडल्या. मग आणखी दोन सापडल्या. एक मोती मेला त्या जागेपासून वीस पावलांवर होती, गवतात, तोंड उघडं. मामाला दाखवली तर तो बराच वेळ बघत राहिला. ती आपणच लावली होती की दुसऱ्या कोणी, हे त्याला आठवेना.